रडू आलं, पण कोणासाठी?

१९०४ साली अप्टन सिंक्लेअर नावाचा सव्वीस वर्षांचा लेखक शिकागोच्या कत्तलखान्यांच्या वस्तीत सात आठवडे राहिला. मळके कपडे आणि हातात जेवणाचा डबा असला की त्याला कुणी हटकत नसे. तिथे पाहिलेल्या गोष्टींवरून त्याने ‘द जंगल’ ही कादंबरी लिहिली. लिथुआनियाहून आलेलं एक कुटुंब कारखान्यांच्या चरकात कसं पिळून निघतं, याची ती कथा. नायक युर्गिसची बायको बाळंतपणात जाते, आणि त्याचा लहानगा अंतानास रस्त्यावरच्या चिखलाच्या डबक्यात बुडून मरतो. वाचकाचं काळीज हलावं आणि त्याने कामगारांच्या बाजूने उभं राहावं, एवढी सिंक्लेअरची इच्छा होती.

वाचक हलले, पण भलत्याच पानांवर. सडकं मांस, उंदरांच्या लेंड्या, उंदरांना घातलेलं विष आणि मेलेले उंदीर, सगळं एकाच घाण्यात जाऊन त्याचे सॉसेज होतात, हे वाचून लोकांच्या पोटात ढवळलं. पुस्तक १९०६च्या फेब्रुवारीत आलं आणि ३० जूनला मांसतपासणीचा आणि शुद्ध अन्नाचा असे दोन कायदे मंजूर झाले. कामगारांच्या हाती मात्र फारसं काही पडलं नाही. मी लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, तो चुकून पोटावर बसला, असं सिंक्लेअर पुढे म्हणाला. अंतानास डबक्यातच राहिला.

पुस्तक वाचून मनात काय उसळतं, या विषयात शिरायला मला हे उदाहरण सर्वांत सोयीचं वाटतं. ‘त्या पुस्तकाने मला रडवलं’ असं आपण सहज म्हणून जातो. त्या वाक्यात सगळी करणी पुस्तकाची असते आणि आपण नुसते बसलेले असतो, नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखे. गंमत अशी की तेच पुस्तक शेजारच्याला हसवतं, तिसऱ्याला चीड आणतं, आणि आपल्यालाही वीस वर्षांनी वेगळ्याच पानावर रडवतं. मग रडवलं नक्की कुणी?

आधी मुळातला पेच पाहू. जी माणसं कधी नव्हतीच, त्यांच्यासाठी डोळ्यांत पाणी येतंच कसं? १९७५ साली कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने हा प्रश्न फार नेमका मांडला. समजा, एक ओळखीचा माणूस तुम्हाला आपल्या बहिणीवर कोसळलेल्या संकटाची हकीकत सांगतो. तुम्ही कळवळता. मग तो म्हणतो, मी थाप मारली, मला बहीणच नाही. कळवळा त्या क्षणी विरतो, उलट त्याचा राग येतो. कादंबरीत मात्र हे सगळं खोटं आहे हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं, तरी घशात आवंढा येतोच. रॅडफर्डचं म्हणणं, हे चक्क विसंगत वागणं आहे, आणि आपण माणसं तशीच आहोत.

सगळ्यांना ते पटलं नाही. केंडल वॉल्टन या दुसऱ्या तत्त्वज्ञाने म्हटलं की हा एक खेळ आहे. भातुकलीत पोरं बोळक्यातल्या वाळूला भात म्हणतात, तो सांडला तर ओरडतात, पण वाळू तोंडात घालत नाहीत. कादंबरी वाचताना आपणही तसंच करतो. जे वाटतं ते खेळातलं असतं, पण वाटतं मात्र खरंच. आणखी काहींचं म्हणणं त्याहून साधं आहे: भावना जागी व्हायला गोष्ट खरी असावीच लागत नाही, तिचा ठसठशीत विचार मनात आला की पुरे. चिंच समोर नसताना तोंडाला पाणी सुटतं, त्यातलाच हा प्रकार. मला स्वतःला हे चिंचेचं उत्तर जास्त पटतं, कारण त्यात वाचकाला खेळाडू व्हायची सक्ती नाही.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. घरातलं दुःख कुणाला नको असतं, पण करुण नाटकाचं तिकीट लोक पैसे मोजून काढतात, हे कसं, यावर संस्कृत रसचर्चेत शतकानुशतकं खल झाला. तिथलं एक उत्तर साधारणीकरणाचं: रंगभूमीवरचं दुःख ना माझं उरतं ना त्याचं, ते कुणा एकाचं राहत नाही, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. मराठीत न. चिं. केळकरांनी याला ‘सविकल्प समाधी’ असा छान शब्द काढला. वाचक पात्रात शिरतो, त्याचं सुखदुःख भोगतो, पण आपण आपणच आहोत ही जाणीव मागे जागी असते. या दुहेरी असण्यातच वाचनाचा आनंद आहे, असा त्यांचा विचार. पुढे येणाऱ्या अमेरिकी उदाहरणांसाठी हा शब्द हाताशी ठेवा, कारण ‘आपण आपणच आहोत’ हा अर्धा भाग तिथे फार मोठा गोंधळ घालतो.

आता लुईझा मे ऑल्कट. ‘लिट्ल विमेन’चा पहिला भाग १८६८च्या सप्टेंबरअखेरीस आला आणि महिनाभरात वाचक मुलींची पत्रं सुरू झाली. या चौघी बहिणींची लग्नं कुणाकुणाशी होतात? ज्योचं शेजारच्या लॉरीशीच होणार ना? ऑल्कट वैतागली. बाईच्या जन्माचं जणू एवढंच सार्थक, अशा थाटात मुली विचारतात. पण कुणाला खूश करायला मी ज्योला लॉरीच्या गळ्यात बांधणार नाही, असं तिने १ नोव्हेंबरच्या रोजनिशीत लिहून ठेवलं. दुसऱ्या भागात तिने ज्योसाठी एक मध्यमवयीन जर्मन प्राध्यापक आणून उभा केला. शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’तून ही गोष्ट आपल्याकडच्या घराघरांत गेली, आणि ‘ज्योने असं का केलं’ ही हळहळही तिच्याबरोबर आली. दीडशे वर्षं टिकलेली ही हुरहुर एका लेखिकेच्या वैतागातून जन्मली आहे.

याच पुस्तकात ज्योची धाकटी बहीण बेथ जाते, ते प्रकरण पाहा. तिथे मोठा आकांत नाही. बेथ एके दिवशी शिवणाची सुई बाजूला ठेवते, म्हणते, फार जड लागते. बस. ऑल्कटची सख्खी बहीण लिझी १८५८ साली अशीच झिजत गेली होती. लेखिकेने मरण पाहिलं होतं, म्हणून तिला सुईचं वजन ठाऊक होतं, असं मी म्हणेन. कसबाच्या दृष्टीने पाहिलं तर असं लिहिण्यात वाचकासाठी जागा मोकळी सोडलेली असते. लेखिका स्वतः रडत नाही, ते काम आपल्यावर टाकते. आणि सुई जड लागलेलं एखादं माणूस बहुतेकांच्या घरात होऊन गेलेलं असतं. कुणाची आजी, कुणाची आत्या. आपण बेथसाठी रडतो, तेव्हा त्या आत्याचं थोडं रडणं उरकून घेतो.

लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकी अध्यापिकेने १९३८पासून हेच शिस्तीत मांडलं. छापील कादंबरी म्हणजे कागदावरची शाई. वाचणारा आपली आठवण, आपलं वय, आपला दिवस घेऊन तिच्याशी भिडतो, तेव्हा कुठे ‘कलाकृती’ घडते, आणि दर वाचनाला निराळी घडते. तिने वाचनाचे दोन कल सांगितले. चुकून विष प्यायलेला माणूस बाटलीवरची चिठ्ठी वाचतो, ती फक्त उतारा शोधायला. त्याला शब्दांच्या लयीशी कर्तव्य नसतं. हा एक कल. दुसऱ्या कलात वाचताना आत काय घडतं आहे, तेच महत्त्वाचं. म्हणजे वाटेल तो अर्थ काढा, असं मात्र तिचं म्हणणं नाही. पानावरचे शब्द लगाम धरून असतात. बेथ मेल्यावर आनंद झाला म्हणणाऱ्याला आपण विचारू शकतो की बाबा, कुठल्या ओळीवर?

‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’ ही बेटी स्मिथची कादंबरी १९४३ची. ब्रुकलिनमधल्या गरीब वस्तीतली फ्रान्सी नोलन ही मुलगी, फरशा पुसणारी आई, हॉटेलात गाणी म्हणत वाढपीगिरी करणारा आणि दारूत बुडालेला लाघवी बाप, आणि कपाटात खिळ्याने ठोकलेला डबा, ज्यात नाणी साठवायची. या पुस्तकाला सर्वांत उत्कट वाचक लाभले ते रणांगणावर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी प्रकाशकांनी एकत्र येऊन सैनिकांसाठी खास आवृत्त्या काढल्या. आडव्या, दोन रकान्यांच्या, गणवेशाच्या खिशात मावणाऱ्या. १९४३ ते १९४७ या काळात तेराशेच्या वर पुस्तकांच्या बारा कोटींहून जास्त प्रती फुकट वाटल्या गेल्या. त्यांत फ्रान्सीची गोष्ट फार मागणीची होती.

मलेरियाने इस्पितळात पडलेल्या एका वीस वर्षांच्या मरीन सैनिकाने स्मिथबाईंना पत्र लिहिलं. गुडघाभर चिखलातून त्याने मित्राला स्ट्रेचरवर वाहून नेलं होतं, मित्राचं रक्त ठिबकत होतं, आणि याला काही करता येत नव्हतं. तेव्हापासून आपण दगड झालो, कुणावर माया करणं आता होणार नाही, असं तो धरून चालला होता. हे पुस्तक त्याने दोनदा वाचलं, हसला, रडला, आणि मेलेलं काळीज हललं. ज्या व्यक्तीने ते जागं केलं तिला सांगितल्याशिवाय आज झोप लागणार नाही, असा पत्राचा सूर होता.

या पत्रापाशी थोडं थांबायला हवं. लढाईत होरपळलेल्या पोराला शौर्याची गोष्ट जागं करत नाही. त्याला जागं करते दहा-अकरा वर्षांची मुलगी, जी शनिवारी ग्रंथालयात जाते आणि जिन्यावर बसून वाचते. रोझेनब्लॅटच्या भाषेत, शाई तीच होती, पण त्या इस्पितळातल्या खाटेवर तिचं जे झालं ते न्यू यॉर्कच्या कुठल्याही दिवाणखान्यात झालं नसतं. याच आवृत्त्यांतून ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या दीड लाखावर प्रती सैनिकांच्या हाती गेल्या. १९२५मध्ये आलेलं ते पुस्तक लेखक १९४०मध्ये वारला तेव्हा गोदामात धूळ खात होतं. त्याचं पुनरुज्जीवन फक्त सैनिकांनी केलं असं नाही, पण घरापासून दूर असलेल्या लाखभर तरुणांना गॅट्सबी ज्याच्याकडे आसुसून पाहतो तो प्रेयसीच्या घरचा, खाडीपलीकडचा हिरवा दिवा कसा दिसला असेल, याची कल्पना करून पाहावी.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू.

हॅरिएट बीचर स्टोचं ‘अंकल टॉम्स केबिन’ पुस्तकरूपाने १८५२च्या मार्चमध्ये आलं आणि पहिल्या वर्षात अमेरिकेत त्याच्या तीन लाख प्रती खपल्या. १८५०च्या कायद्याने पळालेल्या गुलामाला आसरा देणं गुन्हा ठरवलं होतं, त्या संतापातून ते लिहिलेलं. स्टोचा दीड वर्षाचा चार्ली १८४९मध्ये कॉलऱ्याने गेला होता. बाळ हिसकावून नेलं की गुलाम आईला काय होत असेल, हे आपल्याला त्याच्या उशाशी कळलं, असं तिने लिहिलं आहे. म्हणून कादंबरीत काय होतं पाहा. पळून आलेली एलायझा आपल्या पोराला घेऊन एका सेनेटरच्या दारात येते. या सेनेटरने तसाच कायदा व्हावा म्हणून जोर लावलेला असतो. त्याची बायको एक खण उघडते. त्यात त्यांच्या गेलेल्या बाळाचे लहान अंगरखे, झिजलेले बूट, खेळणी आहेत. ती ते कपडे एलायझाच्या पोरासाठी बांधून देते. आणि तिथे लेखिका गोष्ट थांबवून थेट वाचणाऱ्या आईला विचारते, तुमच्या घरात असा एखादा खण नाही का? ज्या काळात घराघरांतून मुलं जात, त्या काळात हा प्रश्न कुठे लागला असेल, सांगायला नको.

शेवटी ती वाचकाला म्हणते की प्रत्येकाला एक गोष्ट करता येईल: आपल्याला जे वाटतं ते योग्य वाटतं आहे ना, एवढं पाहावं. साधं वाक्य आहे, पण सगळी अडचण त्यातच आहे. वाटणं हेच जर काम ठरलं, तर रडून झाल्यावर काम संपलं, असंही कुणी धरेल.

जेम्स बाल्डविन या काळ्या अमेरिकी लेखकाने १९४९मध्ये या पुस्तकावर आसूड ओढला. भावनेचं भडक, खोटं प्रदर्शन म्हणजेच भावविवशता, असं तो म्हणतो. भावविवश माणसाच्या ओल्या डोळ्यांत त्याला कोरडं काळीज दिसतं आणि खऱ्या अनुभवाची भीती दिसते. स्टोने खणाच्या प्रसंगात जे साधलं त्याची ही दुसरी बाजू. गोऱ्या आईने काळ्या आईचं दुःख ओळखलं ते स्वतःच्या घरातल्या दुःखाच्या मापाने. त्या मापात जे बसलं नाही, म्हणजे काळ्या माणसाचा राग, त्याची देहाची इच्छा, त्याचा या देशावरचा हक्क, ते बाहेर राहिलं. कादंबरीच्या शेवटी एलायझाचं कुटुंब आफ्रिकेत लायबेरियाला निघतं. अश्रू इथे, माणसं तिकडे.

बाल्डविनच्याही आधी हे रिचर्ड राइट या दुसऱ्या काळ्या लेखकाने ओळखलं होतं, तेही स्वतःच्या पुस्तकावरून. १९३८मध्ये त्याचा कथासंग्रह आला, वाहवा झाली. परीक्षणं वाचून राइट चरकला. त्याच्या लक्षात आलं की बँकवाल्यांच्या मुलींनी वाचावं, रडावं आणि रडून झाल्यावर त्यांना बरं वाटावं, असं पुस्तक आपण लिहिलं. त्याने शपथ घेतली: पुढचं पुस्तक इतकं कठीण असेल की कुणाला त्यावर रडता येणार नाही, अश्रूंचा दिलासा न घेता ते सोसावं लागेल. ते पुस्तक म्हणजे १९४०चं ‘नेटिव्ह सन’. त्याचा नायक बिगर थॉमस भीतीपोटी एका गोऱ्या मुलीला मारतो, मग स्वतःच्या काळ्या मैत्रिणीलाही. त्याच्यावर माया करायला लेखक फट ठेवत नाही.

‘अश्रूंचा दिलासा’ हे शब्द मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आपल्या किती रडण्यात असा दिलासा मिसळलेला असतो!

इथे एक खरा दुवा आपल्याकडे येतो. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, ज्यांनी काळ्यांची गुलामी मोडायला झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशा त्याला जोडलेली. फुले अमेरिकेकडे पाहतात ते कृतीसाठी, गहिवरासाठी नाही. पुढे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. त्या पिढीतल्या मराठी लेखकांना काळ्यांचं साहित्य जवळचं वाटलं, त्यात रडणाऱ्या वाचकाची जागा त्यांची नव्हतीच. ते पानाच्या पलीकडच्या बाजूने वाचत होते.

पानाच्या दोन बाजू हे नुसतं बोलणं नाही. हार्पर लीच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला (१९६०) कोर्टाचा प्रसंग घ्या. टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावर बलात्काराचा खोटा आळ आहे. गोरा वकील ॲटिकस फिंच जिवाच्या आकांताने लढतो आणि हरतो. तो एकटा कोर्टाबाहेर निघतो तेव्हा वरच्या सज्जात बसलेले काळे लोक एकेक करून उभे राहतात. पाद्री ॲटिकसच्या लहान मुलीला सांगतो, पोरी, ऊठ, तुझे वडील चाललेत. या ओळीवर किती वाचकांचे डोळे भरले असतील याची गणती नाही. माझेही भरले होते. हा माणूस पाहून वकिलीकडे वळलो असं सांगणारे वकील अमेरिकेत भेटतात.

आता सज्जातून पाहा. तिथल्या माणसांचा एक भाऊ नुकताच दोषी ठरला आहे. थोड्याच पानांनंतर तुरुंगातून पळताना त्याच्या अंगात सतरा गोळ्या जातात. आणि कादंबरीने त्यांना या क्षणी करायला काय दिलं? हरलेल्या वकिलासाठी उभं राहणं. टॉमच्या बायकोच्या मनात काय होतं, त्या बाकांवर कोण काय पुटपुटलं, हे पुस्तकात नाही, कारण गोष्ट सांगणारी मुलगी तिथे बसूनही खाली आपल्या बापाकडे बघते आहे. ही टीका मी वाचली आणि पुन्हा ते प्रकरण उघडलं. डोळे पुन्हा भरले, पण या वेळी अंगावर एक संकोचही चढला. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि दोन्हींना पानावरचे तेच शब्द पुरे पडतात. केळकरांच्या समाधीतला तो ‘आपण आपणच’ कुठल्या मजल्यावर बसला आहे, एवढाच फरक.

२०१५मध्ये लीचं आधी लिहिलेलं ‘गो सेट अ वॉचमन’ छापलं गेलं. त्यातला म्हातारा ॲटिकस वंशभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो. वाचकांना घरातल्या माणसाने दगा दिल्यासारखं झालं. मुलाचं नाव हौसेने ॲटिकस ठेवलेल्या आईबापांच्या बातम्या आल्या. रॅडफर्डची ती न जन्मलेली बहीण आठवा. इथे जो माणूस कधी नव्हताच, तो आणखी वाईट निघाल्याबद्दल लोक सुतकात होते.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबरी फिन’ची तऱ्हा आणखी निराळी. १८८५मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते पुस्तक काढून टाकलं, कारण भाषा गावंढळ आणि वळण वाईट. आज त्याच पुस्तकावर आक्षेप येतो तो दोनशेहून जास्त वेळा आलेल्या वांशिक शिवीमुळे. लाज तीच, लाजेचं कारण बदललं. हक आपल्या मित्राला, पळालेल्या गुलाम जिमला, पकडून देणारी चिठ्ठी फाडतो आणि म्हणतो, ठीक आहे, जातो मग नरकात. ते वाचून अंगावर काटा येतोच. टोनी मॉरिसन या काळ्या कादंबरीकार बाईंनी मात्र या पुस्तकाच्या पहिल्या वाचनातली भीती आणि बेचैनी लिहून ठेवली आहे. २०२४मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या लेखकाने हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगितली, तिला २०२५चं पुलित्झर मिळालं. म्हणजे सज्जातल्या माणसाने अखेर स्वतः लिहायला घेतलं.

अशा वेळी वाटतं, मग भावनेला बाजूलाच ठेवावं आणि शब्द तेवढे तपासावेत. विमसॅट आणि बियर्डस्ली या दोन समीक्षकांनी नेमकं हेच बजावलं होतं, तेही बाल्डविनने आसूड ओढला त्याच १९४९ साली. कविता काय आहे आणि ती वाचून काय होतं, यांत गल्लत करू नका, नाहीतर हातात कविता उरणारच नाही, असं त्यांचं म्हणणं. शिस्त म्हणून ते ठीक. पण बाल्डविन आणि राइट हे भावनेवर बोलत होते म्हणून ढिसाळ होते का? उलट, अश्रूंची इतकी कडक झडती फार थोड्या समीक्षकांनी घेतली असेल.

दुसऱ्या टोकाचीही घाई नको. चांगलं साहित्य वाचलं की माणूस जास्त समजूतदार होतो, हे ऐकायला सगळ्यांना आवडतं. २०१३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तसा एक प्रयोग गाजला: साहित्यिक कथेची काही पानं वाचलेल्यांना नुसत्या डोळ्यांच्या फोटोंवरून समोरच्याची भावना जास्त बरी ओळखता आली. इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल हाती लागला नाही. काही पानांत माणूस सुधारत असता तर ग्रंथपालांइतकी संत माणसं जगात नसती.

भाषांतरात काय होतं, हा वेगळाच मोठा विषय आहे. एकच मासला देतो. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं भाषांतर पु. ल. देशपांड्यांनी केलं आणि नाव दिलं ‘एका कोळियाने’. मराठी वाचकाच्या कानात लगेच शाळेतली ओळ वाजते: एका कोळियाने एकदा आपुले जाळे बांधियेले उंच जागी. तो कोळी आठ पायांचा, हा क्यूबाचा म्हातारा दोन पायांचा, आणि त्याचा तो प्रचंड मासा तर जाळ्यात नव्हे, गळाला लागलेला. तरीही चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला सँटिआगो पहिलं पान उलटायच्या आतच आपल्याला ओळखीचा झालेला असतो, पडून पुन्हा चढणारा. अमेरिकी वाचकापाशी ही शिदोरी नाही. त्याच्यापाशी दुसरी असेल.

आणि वय. ‘द कॅचर इन द राय’ मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेल्या प्रतीत, जिच्या कडेने आधीच्या मालकाने पेन्सिलीने जागोजागी ‘करेक्ट!’ लिहिलं होतं. मलाही सगळं करेक्टच वाटलं होतं. मोठी माणसं ढोंगी, शाळा ढोंगी, गोष्ट सांगणारा पोरगा होल्डन तेवढा खरा. चाळिशी ओलांडल्यावर तीच प्रत पुन्हा उघडली. बंडखोर कुठे दिसेना. दिसला तो धाकटा भाऊ रक्ताच्या कॅन्सरने गेलेला एक पोरगा. त्या रात्री त्याने गॅरेजच्या काचा मुठीने फोडल्या, आणि भावाच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईत लिहिलेल्या कविता तो अजून विसरलेला नाही. रस्ता ओलांडताना तो मेलेल्या भावाला विनवतो, मला नाहीसा होऊ देऊ नकोस. पहिल्या वाचनात हे वाक्य मी बहुधा ओलांडून गेलो होतो. तिथे पेन्सिलीची खूणही नव्हती. आता मी होल्डनच्या जागी नव्हतो, त्याच्या बापाच्या वयाचा होतो. पुस्तकात तो बाप धड दिसतसुद्धा नाही.

राइटची शपथ पूर्ण झाली का, ते सांगायचं राहिलं. ‘नेटिव्ह सन’ अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पुस्तक-मंडळाने, बुक ऑफ द मंथ क्लबने, सभासदांसाठी निवडलं आणि तीन आठवड्यांत त्याच्या दोन लाखांवर प्रती गेल्या. पण त्याआधी मंडळाने काही बदल मागितले होते. चित्रपटगृहातला एक उघडा प्रसंग गेला, आणि बिगरबद्दल त्या गोऱ्या मुलीला वाटणारी ओढही पुसट झाली. राइटने वाचकांचे अश्रू काढून घेतले होते, वाचकांनी त्यांना नको असलेली अस्वस्थता काढून घेतली. मूळ मजकूर परत छापला गेला तो १९९१ साली, राइटच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी. वाचनालयात जुनी प्रत हाती आली, तर आधी छपाईचं साल पाहून घ्या.